बिनकचऱ्याची नांदवडी

नांदवडीच्या दरबारात कचऱ्यावरून रण पेटलं होतं. प्रत्येक घरानं आपला कचरा रोज सकाळी गावच्या गाडीत टाकलाच पाहिजे, असा हुकूम काढावा की नाही? सकाळपासून पंच भांडत होते. दोनदा पानसुपारी झाली, एकदा वामकुक्षीही झाली, निकाल मात्र लागेना!

"सक्ती कशाला?" म्हातारे त्रिंबकपंत गरजले. "माझ्या घरात कचरा होतच नाही!"

"माझ्याकडे तर सालपटसुद्धा सापडायचं नाही!" नागोशेट सराफ म्हणाले.

"मग तटावरून आमच्या कुंभारवाड्यात रोज काय पडतं? पारिजातक?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दाराशी लखू कुंभाराची मुलगी सगुणा उभी होती. "महाराज, आमच्या विहिरीत उष्ट्या पत्रावळी तरंगतात. ते पाणी प्यायचं कसं आणि त्यात माती भिजवायची कशी?"

"पोरी, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये!" पंत खेकसले.

"कधीची वाट पाहतेय, पंत. मोठ्या माणसांचं संपतच नाही!"

"त्यापेक्षा कुंभारवाडाच नदीपलीकडे हलवा," नागोशेट म्हणाले. "प्रश्नच मिटला!"

धैर्यशीलराजे भारी हट्टी. त्यांनी मिशीला पीळ दिला. "ऐक, सगुणा. हे पंच आपण होऊन 'गाडी पाठवा' म्हणाले, तर हुकूम निघेल. पण त्यांना दंड करायचा नाही, दटावायचं नाही, हातापाया पडायचं नाही. पौर्णिमेपर्यंत जमलं नाही, तर कुंभारवाडा नदीपलीकडे!"

पंच खुशीत हसले. सगुणाही हसली.

"कबूल, महाराज! पंच खोटं कशाला बोलतील? त्यांच्या घरात कचरा नाहीच. मग जे नाहीच, ते पौर्णिमेपर्यंत घराबाहेर काढणार नाही, एवढं त्यांनी म्हणावं. दाराशी आपला एक शिपाई उभा राहू दे."

"हात्तिच्या! कबूल!" पंत म्हणाले.

"कबूल!" नागोशेटनी मान डोलावली.

"आणि महाराज, आपल्या राजवाड्यात?"

"राजवाड्यात कसला कचरा? आम्ही तर कधी पाहिला नाही!" राजे म्हणाले. "आमच्याही दाराशी शिपाई उभा करा!"

दुसऱ्याच दिवशी पंतांच्या नातवाची मुंज होती. पंगतींवर पंगती उठल्या. पत्रावळींचा ढीग घेऊन गडी दाराशी गेला, तर शिपायानं भाला आडवा धरला. "यात काय आहे?"

"क... काही नाही!" मागून पंत म्हणाले.

"मग काही नाही ते आत न्या!"

पंतांनी ढीग परसातल्या गुलाबांखाली पुरला. गावातल्या कुत्र्यांनी कुंपणाखालून येऊन तो उकरला आणि ओसरीपर्यंत पसरला. पंतांच्या पत्नी उमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सभेत तोंड चालवलंत ना? आता इथे हात चालवा!" आणि त्यांनी पंतांच्या हातात खराटा दिला.

तिकडे नागोशेटकडे जावईबापू आमरस खायला आले होते. कोयी आणि साली लपवायच्या कुठे? शेटनी त्या माळ्यावर चढवल्या. दोन दिवसांनी जावईबापूंच्या ताटावर माश्यांनी असा हल्ला केला, की ते वाटी तशीच टाकून आपल्या गावी निघून गेले. त्या संध्याकाळी शेटना जेवण वाढायला कोणी उठलं नाही!

पौर्णिमा अजून लांब होती, तोच दोघे नाकाला उपरणं लावून राजवाड्याकडे धावत सुटले. राजे अत्तराचा रुमाल नाकाशी धरून झोपाळ्यावर बसले होते. मुदपाकखान्याकडून झुळूक आली की झोपाळा थांबायचा. सगुणाला आधीच बोलावणं गेलं होतं, ती बाजूला उभी होती.

"महाराज, गाडी पाठवा!" पंत ओरडले. "घरोघरी पाठवा! सक्तीनं पाठवा!"

"आधी माझ्याकडे!" नागोशेट म्हणाले. "माझ्याकडे कचरा जास्त आहे!"

"तुमच्याकडे? अहो, माझ्याकडे मुंजीच्या पत्रावळी आहेत!"

"माझ्याकडे पेटीभर आंब्यांच्या साली आहेत! त्यांना किडेही पडलेत!"

"किड्यांचं काय सांगता? आमच्याकडचे उडायला लागले!"

"पुरे!" राजांनी रुमाल नाकाशी तसाच धरून दुसरा हात वर केला. हुकूम द्यायची वेळ आली, तरी त्यांचा हट्ट काही सुटेना. "सगुणा, एका प्रश्नाचं उत्तर दे, मगच हुकूम निघेल. नांदवडीत सगळ्यात जास्त कचरा कोणाच्या घरी? गाडी पहिल्यांदा तिथंच जाईल. पण चुकलीस तर याद राख!"

सगुणानं क्षणभरही विचार केला नाही. "महाराज, पंतांकडे एका मुंजीचा आहे आणि शेटजींकडे एका जावयाचा. त्या दोघांनी तोंडं उघडली, तेव्हा त्यांची उपरणीही नाकावरून खाली आली. पण एका घरच्या मालकांचा रुमाल अजून नाकावरच आहे. आता ते घर कोणतं, ते मी माझ्या तोंडानं कसं सांगू?"

पंतांनी राजांकडे पाहिलं. शेटनी राजांकडे पाहिलं. राजांनी हातातल्या रुमालाकडे पाहिलं आणि ते असे खदखदून हसले, की झोपाळ्याच्या कड्या वाजायला लागल्या!

"हरलो, पोरी, हरलो! पहिली गाडी राजवाड्यावर! हुकूम आजपासून लागू. कुंभारवाडा आहे तिथंच राहील. आणि तुमची विहीर उपसायला माझे लोक उद्याच येतील, पंचांच्या देखरेखीखाली. अगदी काठावर उभं राहून! आता तुला काय देऊ, ते माग."

"सभेत बसायला जागा, महाराज. दाराशी उभं राहून पाय दुखतात."

"दिली!" राजे म्हणाले. "पंत, जरा सरका बघू!"

आणि कधीही कोणासाठी न सरकलेले त्रिंबकपंत मुकाट्यानं सरकले.