घमेलं वाजेना, गोणी उठेना

ओढ्याकाठी चिखल. चिखलात बीळ. बिळात खेकडी. लिंबाएवढी खेकडी!

एकदा काय झालं? खेकडी गेली शेवाळ खायला.
तुरुक तुरुक तिरकी, तुरुक तुरुक तिरकी.
शेवाळ खाल्लं. पोट भरलं. खेकडी परत आली.

बघते तर काय? बीळ दिसेना! बिळावर गोणी!

केवढी ती गोणी! फुगलेली गोणी. घाण वासाची गोणी. आत थर्माकोलच्या ताटल्या. आत प्लॅस्टिकचे पेले. कुणीतरी जेवलं. कुणीतरी ढेकर दिला. आणि उष्टं कुठं टाकलं? खेकडीच्या दारात!

खेकडीला आला राग. तिनं नांगी उगारली. कट् कट्!

वर ऊन आलं. खेकडीची पाठ ओली हवी. पाठ वाळली की खेकडी आजारी पडते. तिला घरात जायलाच हवं. आत्ता!

"गोणीबाई, गोणीबाई, ऊठ! मला घरात जायचंय."

गोणी म्हणाली, "फुस्स! मला पाय आहेत का? माणसांनी टाकलं, माणसंच उचलतील. ओढ्याच्या मंडळाला सांग, जा!"

ओढ्याचं मंडळ म्हणजे कोण? जवळच्या गल्लीतली माणसं. दर रविवारी ती ओढ्यात उतरतात. कचरा काढतात. पगार नाही. बक्षीस नाही. ओढा आपला, म्हणून येतात.

आणि आज होता रविवार!

तुरुक तुरुक तिरकी, तुरुक तुरुक तिरकी.
खेकडी गेली सरूकाकूकडे.

काकू बसली होती ओट्यावर. पायांत गमबूट. हातांत मोजे. अगदी तयार!

"काकू, काकू,
गोणी उठेना.
मी घरात जाऊ कशी?"

काकू म्हणाली, "अगं बाई! उचलू की. पण ओली गोणी जड असते. एकटीनं उचलली तर कंबर म्हणेल कटकन! आधी पैलवान येऊ दे, मग मी येते."

आणि काकू बसूनच राहिली.

तुरुक तुरुक तिरकी, तुरुक तुरुक तिरकी.
खेकडी गेली भिकोबा पैलवानाकडे.

पैलवान बसला होता पायरीवर. पायांत गमबूट. हातांत मोजे. अगदी तयार!

"पैलवान, पैलवान,
काकू हात लावेना,
गोणी उठेना.
मी घरात जाऊ कशी?"

पैलवान म्हणाला, "हात्तिच्या! एका हातानं उचलतो. पण माझं वजन बघितलंस का? मी चिखलात उतरलो, की चिखल म्हणतो, 'या, बसा!' मग सोडतच नाही. चिखलावर फळी हवी. आधी सुतारचाचा येऊ दे, मग मी येतो."

आणि पैलवान बसूनच राहिला.

ऊन चढलं. खेकडीची पाठ तापली.

तुरुक तुरुक तिरकी, तुरुक तुरुक तिरकी.
खेकडी गेली हमीदचाचाकडे. चाचा सुतार.

चाचा बसला होता दुकानात. पायांत गमबूट. हातांत मोजे. अगदी तयार!

"चाचा, चाचा,
पैलवान खाली येईना,
काकू हात लावेना,
गोणी उठेना.
मी घरात जाऊ कशी?"

चाचा म्हणाला, "अरे बेटी! फळी केव्हाच काढून ठेवलीय. बघ, दारातच आहे. पण केवढी लांब! डोक्यावर घेऊन वळलो, की पुढच्याला टक् आणि मागच्याला टक्! आधी यमुनामावशीचा हातगाडा येऊ दे, मग मी येतो."

आणि चाचा बसूनच राहिला.

तुरुक तुरुक तिरकी, तुरुक तुरुक तिरकी.
खेकडी गेली यमुनामावशीकडे.

मावशी बसली होती हातगाड्यावर. पायांत गमबूट. हातांत मोजे. अगदी तयार!

"मावशी, मावशी,
चाचा फळी टाकेना,
पैलवान खाली येईना,
काकू हात लावेना,
गोणी उठेना.
मी घरात जाऊ कशी?"

मावशी म्हणाली, "मी काय नाही म्हणतेय होय? सकाळपासून चाकाला तेल घालून बसलेय. पण घमेलं कुठं वाजलंय? घमेलं वाजलं की निघायचं. मंडळाचा नियम आहे! आधी घमेलं वाजू दे, मग मी येते."

आणि मावशी बसूनच राहिली.

ऊन आणखी चढलं. खेकडीची पाठ वाळली. पाय जड झाले.

तुरुक... तुरुक... तिरकी. तुरुक... तुरुक... तिरकी.
खेकडी गेली घमेल्याकडे.

ओढ्याकाठी करंजाचं झाड. झाडाला सुतळी. सुतळीला लोखंडी घमेलं. घमेलं लोंबत होतं. डुलत होतं. गप्प होतं.

"घमेल्या, घमेल्या,
मावशी गाडा काढेना,
चाचा फळी टाकेना,
पैलवान खाली येईना,
काकू हात लावेना,
गोणी उठेना.
मी घरात जाऊ कशी?"

घमेलं म्हणालं, "मी आपणहून वाजतो का? जो पहिला येतो, तो मला वाजवतो. मग बाकीचे येतात. आज पहिला कुणी आलाच नाही!"

"का नाही आला?"

"सगळे घमेल्याची वाट बघताहेत."

"आणि तू?"

"मी पहिल्याची वाट बघतोय."

वा रे वा! काकू तयार. पैलवान तयार. चाचा तयार. मावशी तयार. सगळे तयार, आणि सगळे घरी!

खेकडीनं डोळे वर केले. इकडे बघितलं. कुणी नाही. तिकडे बघितलं. कुणी नाही. मग स्वतःकडे बघितलं.

"मी आलेय ना! मग पहिली मीच!"

घमेलं हसलं. "तू? लिंबाएवढी?"

"नियम काय आहे? जो पहिला येतो, तो वाजवतो. लिंबाएवढ्यानं वाजवू नये, असं आहे का नियमात?"

असं काही नियमात नव्हतं.

खेकडी झाडावर चढली. सर सर सर. घसरली. परत चढली. सर सर सर. घमेल्यापर्यंत पोचली. नांगी आपटली.

टिक्!

"हे काय वाजवणं?" घमेलं म्हणालं. "मुंगीनंसुद्धा मान वळवली नाही."

खेकडीनं परत नांगी आपटली.

टिक्!

कुणी आलं नाही. पाठ तर कोरडी ठक्क!

"असं होय? थांब, दाखवते!"

खेकडी आणखी वर गेली. सुतळीपाशी. तिनं नांगी उघडली.

कट्!
"ए, काय करतेस?" घमेलं ओरडलं.

कट्!
"अगं, मी पडेन!"

"पडच!"

कट्!

सुतळी तुटली. घमेलं सुटलं. खाली होता दगड.

ठण ठणण ठण्ण्ण्ण्!

केवढा आवाज! कावळे उडाले. कुत्री भुंकली. गल्ली दणाणली.

घमेलं वाजलं!

मावशीनं गाडा काढला. कुई कुई कुई!
चाचानं गाड्यावर फळी ठेवली. धाडकन!
पैलवान पळत सुटला. धप धप धप!
काकू त्याच्याही पुढे. पटक पटक पटक!

सगळे आले करंजाखाली.

"कोण आलं पहिलं?" काकूनं विचारलं.

"कुणी वाजवलं?" पैलवानानं विचारलं.

झाडावरून आवाज आला, "मी!"

सगळ्यांनी वर बघितलं. फांदीवर खेकडी. नांगीत सुतळीचा तुकडा.

खेकडी म्हणाली, "पायांत गमबूट, हातांत मोजे, आणि बसलात ओट्यावर! ओढा काय तुमच्या ओट्यावर येणार होता?"

काकूनं बघितलं पैलवानाकडे. पैलवानानं बघितलं चाचाकडे. चाचानं बघितलं मावशीकडे. मावशीनं बघितलं गमबुटांकडे.

"चुकलंच बाई आमचं," मावशी म्हणाली. "चला रे, उतरा!"

काकूनं खेकडीला ओंजळीत घेतलं. पाठीवर पाणी सोडलं. आहाहा! गार गार!

मग काय झालं?

चाचानं चिखलावर फळी टाकली. थप्प!
पैलवान फळीवरून खाली आला. धप धप!
काकूनं गोणीला हात लावला.
मावशीनं हात लावला. चाचानं हात लावला. पैलवानानं दोन्ही हात लावले.

आणि खेकडीनं? खेकडीनं नांगी लावली!

"एक... दोन... तीन... हय्या!"

गोणी हलली.

"एक... दोन... तीन... हय्या!"

गोणी उठली! गोणी गाड्यावर! धप्प!

सगळ्यांनी खाली बघितलं. अरेच्चा! बीळ कुठंय? गोणीनं चिखल दाबला होता. बीळ बुजलं होतं.

"सरका!" पैलवान म्हणाला. त्यानं फावडं उचललं. "असं बीळ खोदतो, की हत्ती मावेल!"

"नको!" खेकडी ओरडली. "हत्ती आला तर मी कुठं जाऊ? तुमचं काम गोणी. माझं काम बीळ. व्हा मागे!"

मोठी माणसं मागे झाली. चौघंही!

खेकडी खोदू लागली. खरर खरर. मातीची गोळी बाहेर. खरर खरर. आणखी एक गोळी बाहेर. खाली ओलं लागलं. आणखी खाली गार लागलं. आणखी खाली काळोख लागला. छान, आपला, घरचा काळोख.

खेकडी आत शिरली.

चौघं वाकून बघत राहिली. पैलवान वाकला. आणखी वाकला. आणि फळीवरून घसरला. पच्चाक्!

चिखल म्हणाला, "या, बसा!"

मावशी हसली. चाचा हसला. हसता हसता काकूही बसली. पच्चाक्!

बिळातून एक नांगी बाहेर आली. वर झाली. डुलली. कट् कट्!

माणसं चिखलात. खेकडी घरात!

गोणी चढली गाड्यात,
गोष्ट संपली ओढ्यात.