मापाचं कडं

त्या राज्यात भिंती नव्हत्या. कोंबड्यांचं राज्य ते. उंबरे होते, प्रत्येक उंबऱ्यावर राखणीला एक कोंबडी होती, आणि तिच्या पायामागे एक काटा. रोगाचं नाव तिथे कुणी घेत नसे. त्याला पाहुणा म्हणत. पाहुणा दर साली येई आणि दर साली थोडा बदलून येई. काटेही घरोघर निराळे होते: कुणाचा आखूड, कुणाचा दुहेरी, कुणाचा विळ्यासारखा वाकडा. आईचा काटा लेकीला मिळे, त्यात कुणाचं काही चालत नसे. पाहुणा एका दारी निसटला तर दुसऱ्या दारी घायाळ होई. चार घरं जात, चाळीस राहत.

मग एका साली सरळ काट्यांच्या घरांनी त्याला उंबऱ्यातच लोळवलं. राज्य चालवणाऱ्या तुरेवाल्या कोंबड्यांना एवढं पुरलं. त्यांनी दगडाचं एक कडं घडवून घेतलं. जिचा काटा त्यातून न अडता पार जाईल तिचीच अंडी उबवायची, बाकीची उकिरड्यावर, असं ठरलं.

कडं सोपवलं कवडीकडे. कवडी राज्याची जुनी खुडूक. घरोघरची अंडी तिच्याच पोटाखाली यायची. बसून बसून तिची पिसं झडली होती, गुडघे गेले होते. हे काम तिच्या मनाला लागलं, पण वाद घालायला अंगात त्राण लागतं, ते तिच्यात उरलं नव्हतं. ती मापत राहिली. एकदा कडं चोचीतून सुटलं आणि डाव्या कडेचा टवका उडाला. त्याने कुणाचं काही अडलं नाही.

एके दिवशी तिची लेक मिरी रांगेतून पुढे आली. तिचा काटा कड्यात निम्मा गेला आणि अडला. कवडीने तीनदा घालून पाहिलं. तीनदा तेच झालं.

मिरी हळूच म्हणाली, "आई, तुझा काटा कधी मापला का गं कुणी?"

"मापणारीचा कोण मापतं," कवडी म्हणाली. "दमले गं मी. ठेव ती अंडी तिकडे."

मिरीने अंडी उकिरड्यावर नेली आणि स्वतःच त्यांवर बसली. तुरेवाल्यांनी तिला उकिरड्याची राणी म्हणून हिणवलं. कवडीला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त लेकीची आठवण येत राहिली. पण पोटाखाली सरळ घराण्यांची अंडी होती, त्यांवरून उठता येईना.

तीन सालं बरी गेली. राज्यात आता एकच काटा होता, सरळ आणि देखणा. तुरेवाले आरवून आरवून सांगत, की पाहुणा आपल्याला भ्याला.

चौथ्या साली तो आला. त्याच्या छातीत आरपार भोक होतं. पहिल्या उंबऱ्यावरचा काटा त्या भोकातून सरळ गेला, कशालाही शिवला नाही. दुसऱ्या उंबऱ्यावर तेच झालं. दुपारपर्यंत सगळी दारं उघडी पडली आणि तुरेवाल्यांच्या घरचं आरवणंही थांबलं.

शेवटी तो कवडीच्या दारी आला. तिला खरं म्हणजे सुटल्यासारखंच वाटलं. तरी जुन्या सवयीने तिने लाथ मारली. काटा भोकात निम्मा गेला आणि अडला. पाहुणा तडफडला आणि उंबऱ्यावरच निवला. कवडी वाकून बघत राहिली. भोकाच्या डाव्या कडेला टवका उडालेला होता.

मग तिने कडं उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या काट्यावर चढवलं. ते निम्म्यावर अडलं, पुढे जाईना आणि मागेही येईना. तशीच खुरडत ती उकिरड्यापाशी गेली. तिथे वाकड्या काट्यांची पोरं माती उकरत होती, आणि मिरी नव्या अंड्यांवर बसली होती. मिरीने आईकडे पाहिलं, मग तिच्या पायातल्या कड्याकडे. ती थोडी सरकली, आणि निम्मी अंडी आईच्या बाजूला ढकलली.