मार्थेचा जादा हात

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणज्या परकर सावरत खेळत होत्या तेव्हा, खडकवळण या ख्रिस्ती गावात दोरवाली मार्था राहत होती. तिची एकुलती लेक दीना, दीनाचा नवरा शमुवेल आणि दीनाचा सासरा याकोब, देवळाचा पंच. गावाला विळा घालावा तशी नदी वळून गेलेली. वळणावर प्रभूचं देऊळ, देवळामागं टेकडी, टेकडीवर एक म्हातारी चिंच. याकोबाचं घर तेवढं ओढ्यापलीकडं, नदीच्या अगदी कडेला.

मार्थाला अक्षराची ओळख नव्हती, पण हात असा होता की बोलून सोय नाही. घायपाताची पानं कुजवायची, बडवायची, वाख काढायचा आणि मांडीवर पीळ द्यायचा. गावात बैलाला तिचाच कासरा आणि मोटेला तिचाच नाडा. दोर मोजतात वावानं. दोन्ही हात पसरले की झाला एक वाव. मार्था दहा वाव मोजायची आणि वर एक हात दोर जादा सोडायची.

"अगं, फुकटचा कशाला देतेस?" बायका विचारायच्या.

"असू दे. लागतो," एवढंच ती म्हणायची.

त्याचं कारण गावाला ठाऊक होतं. तरुणपणी तिचा नवरा दानिएल नदी उतरताना पाय घसरून वाहत चालला. मार्थानं काठावरून दोर फेकला. त्याची बोटं दिसत होती, दोराचं टोक दिसत होतं, आणि मधे एक हात पाणी. दोर तेवढाच कमी पडला. त्या दिवसापासून तिनं कुणाचाच दोर तोकडा वळला नाही.

एका रविवारी पाळकांनी राहाबेची गोष्ट सांगितली. यरीहो शहराचा तट कोसळला, पण जिच्या खिडकीला लाल दोर होता तिचं सगळं घरदार वाचलं. बाकीच्यांनी आमेन म्हटलं आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली. मार्था मात्र वाटेतच थबकली. म्हणाली, "दोर तिनं तट पडायच्या आधी बांधला होता. पडल्यावर नाही."

झालं. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. सात वर्षं वळत होती, असं म्हणतात. गेरूत बुडवून लाल केलेला एकेक दोर तिनं घराघरातून टेकडीवरच्या चिंचेपर्यंत नेऊन बांधला. चिंचेखाली रांजण पुरला. मिसर देशात योसेफानं सुकाळात कोठारं भरली, तसं दर रविवारी घरटी मूठभर बाजरी त्यात टाकायला लावली. आणि पोरांचे डोळे बांधून त्यांना दोराला धरून टेकडी चढायला लावायची. वर पोचेल त्याला गुळाचा खडा. पोरांना वाटायचं आंधळी कोशिंबीर चाललीय. पण गुळाच्या नादानं वाट पायांना पाठ झाली.

गाव हसायचं. "मार्थे, मार्थे, किती गं दगदग! जरा शास्त्रातल्या मार्थेच्या बहिणीसारखी, मरियेसारखी, प्रभूच्या पायाशी बस."

हसण्याचं तिला काही नव्हतं. याकोब मात्र रागावला. देवळासमोर, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "विहीणबाई, देवानं नोहाला वचन दिलंय. पुन्हा जलप्रलय नाही. ढगात धनुष्य ठेवलंय त्याची खूण म्हणून. आणि तुम्ही दोर बांधता? म्हणजे देवाच्या शब्दावर तुमचा भरवसा नाही."

लोकांनी माना डोलावल्या. पंचाचं बोलणं, शास्त्रातलं बोलणं. खोटं कसं म्हणणार?

"आणि दारात दोर बांधायला आमचं घर म्हणजे काय गोठा आहे?"

"प्रभू गोठ्यातच जन्मला, याकोबदादा," मार्था म्हणाली.

बायका पदराआड हसल्या आणि तिथंच बिनसलं. याकोबानं घरी जाऊन दारातला लाल दोर कापला आणि त्याचं म्हशीला चरायला लांब दावं केलं. दीनाला बजावलं, आईकडं जायचं नाही.

दीनाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं त्या घरात पाळणा नव्हता. आता कुठं तिचे दिवस भरत आले होते, आणि सगळ्या गावात बिनदोराचं घर तेवढं तेच. मार्था रोज देवळाच्या पायरीवर उभी राहायची आणि ओढ्यापलीकडं बघायची. अंगणात लेक दिसली की माघारी फिरायची.

श्रावणातली एक सकाळ होती. गावात लख्ख ऊन. मावळतीच्या डोंगरांवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत इंद्रधनुष्य उमटलं. याकोब ओट्यावरून ओरडला, "बघा रे बघा! देवाची खूण!" लोकांनी हात जोडले. मार्थानंही जोडले. मग तिनं डोळे उघडले आणि विचार केला : ऊन माझ्या पाठीवर, धनुष्य माझ्यासमोर. पावसावाचून धनुष्य उमटत नाही. म्हणजे तिकडं डोंगरात पाऊस कोसळतोय, आणि डोंगरातलं पाणी याच नदीनं येतं.

ती पाण्याजवळ गेली. पाणी गढूळ, आणि वर तरंगत होता हिरवा, ताजा, डोंगरातल्या झाडांचा पाला.

मार्थानं देवळाची घंटा धरली ती सोडलीच नाही. लोक कुरकुरत बाहेर आले. नदी फुगून गल्लीत शिरली तेव्हा कुरकुर थांबली. पोरांनी दोर धरले आणि थोरांना ओढत टेकडीवर नेलं. ज्यांनी पोरांना हसून दोराशी खेळू दिलं होतं, ते आता पोरांच्या मागं चढत होते.

पण नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरलं आणि याकोबाचं घर बेट झालं. आत दीनाला कळा सुरू झाल्या होत्या.

मार्था घरातला सगळ्यात लांब दोर घेऊन आली. देवळाच्या खांबाला एक टोक बांधलं, दुसरं धरून छातीइतक्या पाण्यात उतरली. पुढं जाववेना. पलीकडं याकोब ओट्यावर उभा. तो एकदा दोराकडं बघायचा, एकदा म्हशीकडं. मग त्यानं म्हशीच्या गळ्यातला तो लाल दोर सोडला, घराच्या खांबाला एक टोक बांधलं, दुसऱ्या टोकाला सुका भोपळा बांधून पाण्यात टाकला. भोपळा डुलत डुलत मार्थाकडं आला आणि दोर ताणून थांबला. याकोबाचा दोर संपला. मार्थाचाही संपला. मधे एक हात पाणी.

पुन्हा तेवढंच.

मार्थानं डोळे मिटले. "प्रभू, एकदा हात कमी पडला. आता नको."

घायपाताचा दोर भिजला की आखडतो, लांबत नाही. दोर वळणारा कुणीही सांगेल. पण त्या दिवशी दोर वाढला, असं म्हणतात. आयुष्यभर जादा दिलेला एकेक हात देवानं तिला एकदम परत केला, असं म्हणतात. डोळे उघडले तेव्हा भोपळा तिच्या मुठीत होता. तिनं गाठ मारली, आणि ती गाठ मार्थानं मारलेली होती, सुटणार कशी?

याकोबाच्या घरी गुऱ्हाळाची भली मोठी कढई, काहील होती, तीत दीनाला बसवलं. शमुवेल एका हातानं काहील आणि दुसऱ्या हातानं दोर धरून पोहत आला. टेकडीवर गेलेलं गाव खाली धावत आलं आणि सगळ्यांनी मिळून काहील ओढून घेतली. याकोब शेवटी दोराला धरून आला. म्हैस सुटली होती, ती मालकाच्या आधीच टेकडीवर जाऊन रवंथ करत बसलेली.

चिंचेखाली, लुगड्यांच्या आडोशात, दीनाला मुलगी झाली. ती रडली तेव्हा सगळी टेकडी हसली.

चार दिवस पाणी उतरलं नाही. रांजणातल्या बाजरीवर गाव जगलं. खालच्या वाडीची माणसं पोहत आली, तीही जगली. तुमचा देव कुठला, असं कुणी विचारलं नाही. भाकऱ्या वाढत होता याकोब. एक म्हातारी म्हणाली, "याकोबा, याकोबा, किती रे दगदग करतोस!" त्यावर सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. मग मार्थासमोर भाकरी ठेवून म्हणाला, "विहीणबाई, देवाचं वचन मला उलगडलंच नाही."

"वचन खरंच आहे, याकोबदादा. पण ते अवघ्या पृथ्वीचं. आपला ओढा देवानं आपल्यावर सोपवलाय."

त्या पुरात गावातलं एकही माणूस दगावलं नाही.

अजूनही खडकवळणात मृगाच्या आधीच्या रविवारी घराघरातून नवा लाल दोर चिंचेला बांधतात, आणि पहिला दोर याकोबाच्या घरचा. मोजून झाला की वर एक हात जादा सोडतात. त्याला मार्थेचा हात म्हणतात. पोरं डोळे बांधून टेकडी चढतात, वर गुळाचा खडा मिळतो. इंद्रधनुष्य उमटलं की गाव आधी हात जोडतं आणि मग नदीकडं बघायला जातं.

आणि तो म्हशीच्या गळ्यातला दोर? पाणी उतरल्यावर याकोबानं तो स्वतः धुतला आणि घराच्या आढ्याला बांधून त्यावर नातीचा पाळणा टांगला. पहिला झोका त्यानं दिला, दुसरा मार्थानं. नऊ वर्षं मुकं असलेलं ते घर. त्यात मग एकामागून एक पाच लेकरं त्याच दोरावर झुलली.