धुळाईची चूल

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली, त्याचं नाव आज कुणाला सांगता येत नाही. पण तिथल्या न्यायसभेच्या गोष्टी अजून लोकांच्या तोंडी आहेत.

त्या राज्यात एक कैवारी राहत असे. कुणी कुणावर दावा लावला, की ज्याच्यावर लावला त्याच्या बाजूने सभेत उभं राहायचं, हे त्याचं काम. दावा लावणाऱ्याच्या बाजूने तो कधी बोलत नसे. लोक विचारायचे, "असं का?" तो म्हणायचा, "दावा लावणारा सगळी तयारी करून घरातून निघतो. ज्याच्यावर दावा येतो, तो बिचारा तेव्हा जेवायला बसलेला असतो. त्याला सोबत नको का?"

त्याला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

एका उन्हाळ्यात त्याच्या दारी एक धनगरीण आली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोळे कोरडे. नाव तिचं धुळाई. नवऱ्यामागे तिनेच मेंढरांचा कळप सांभाळला होता, वाढवला होता. दोन लेकरं आणि म्हातारी सासू त्याच कळपावर जगत होती.

कैवाऱ्याने आधी तिला गूळपाणी दिलं, मग विचारलं, "काय झालं?"

"डोंगराखालच्या इनामदारांनी दावा लावलाय," धुळाई म्हणाली. "त्यांची चंदनाची बाग जळाली. माझ्या चुलीनं जळाली म्हणतात. भरपाई म्हणून सगळा कळप मागतात."

"आणि चूल तू पेटवली होतीस?"

"व्हय. ओढ्याच्या अलीकडं, त्यांच्या कुरणात. भाकरी केली, निखारे विझवले, निदान मला तसं वाटलं. वर चढून मागं बघते तर गवत पेटलेलं. घोंगडी घेऊन पळत आले, पण आग आवरेना. जळत जळत ओढ्यापाशी गेली आणि तिथं विझली. बाग ओढ्याच्या पलीकडं हाय, बाबा. पलीकडं माझी आग गेली न्हाई."

कैवारी दुसऱ्या दिवशी स्वतः डोंगराखाली गेला. कुरणाचा एक तुकडा काळा पडला होता. ओढ्यात पाणी होतं. पलीकडच्या काठावर गवत हिरवं उभं होतं आणि त्याच्याही मागे चंदनाची झाडं कोळसा होऊन उभी होती. ती बाग इनामदाराच्या आजोबांनी लावलेली होती. ते पाहून कैवाऱ्यालाही वाईट वाटलं. माणूस चिडला, यात नवल नव्हतं.

परत येऊन त्याने धुळाईला सगळं नीट समजावलं. "तुझी चूल कुणी पाहिलेली नाही; तुझा कळप त्या बाजूला होता, एवढ्यावरच हा दावा आहे. दावा शाबीत करायचं काम इनामदाराचं आहे. तू सभेत तोंड उघडलं नाहीस, तर तो काही शाबीत करू शकणार नाही. गप्प राहायचा तुला हक्क आहे. बोललीस, तर मात्र धोका आहे. कुरण तू जाळलंस म्हटल्यावर बागही तूच जाळलीस, असं सगळ्यांना वाटेल."

धुळाईने हातातली काठी भिंतीला टेकवली.

"बाबा, गप्प राहिले तर कळप वाचंल. पण त्या डोंगरावर मला जल्मभर मेंढरं चारायची हायत. चूल माझी होती. गवत माझ्यामुळं जळालं. बाग माझ्यामुळं जळाली न्हाई. जेवढं खरं तेवढंच तुम्ही बोला."

कैवारी आजवर एकही दावा हरला नव्हता. हा हरू शकतो, हे त्याला कळत होतं. तरी त्या क्षणी त्याचा ऊर भरून आला. आजवर त्याला वाटायचं, की लोक त्याच्या आधाराने उभे राहतात. ही बाई स्वतःच्या पायांवर उभी होती. हिच्या शेजारी उभं राहायला मिळतंय, हाच मान होता.

सभेच्या दिवशी माणसं दाटीवाटीने बसली होती. इनामदाराने दावा सांगितला. आजोबांनी एकेक झाड कसं जगवलं, तेही सांगितलं, आणि सभा हळहळली.

मग कैवारी उठला. "न्यायाधीश महाराज, चूल धुळाईने पेटवली. कुरणातलं गवत तिच्या चुकीने जळालं. हे आम्ही कबूल करतो."

सभेत कुजबुज झाली. इनामदार हसून शेजाऱ्याला म्हणाला, "संपला दावा."

"आता जे कबूल नाही, ते ऐकावं," कैवारी पुढे म्हणाला. "इनामदार, कुरण आणि बाग यांच्यामध्ये काय आहे?"

"ओढा."

"पाणी होतं त्यात?"

"होतं."

"पलीकडच्या काठाचं गवत जळालं?"

"नाही. पण वाऱ्याने ठिणगी उडाली असेल."

न्यायाधीश विचारात पडले. ठिणगी उडू शकते, हे खोटं नव्हतं. ते धुळाईला म्हणाले, "बाई, तुला काही सांगायचं आहे?"

धुळाई उभी राहिली. "गवताची भरपाई द्यायला मी बांधील हाय, महाराज. ती माझी चूक. बागेचं पाप मात्र माझ्या माथी घेणार न्हाई, कळप गेला तरी."

ती बसली, तेवढ्यात मागून एक म्हातारा पुढे आला. तो इनामदाराचाच माळी होता. हात जोडून तो म्हणाला, "महाराज, मी गप्प बसणार होतो. पण या बाईनं न विचारता आपली चूक सांगितली, आणि मला लाज वाटली. त्याच दिवशी बागेच्या वरच्या टोकाला आम्ही पालापाचोळा जाळला होता. मालकांनीच सांगितलं होतं. आग तिकडून खाली उतरली. तसं सांगून मालक गावाला गेले होते. त्यांना आम्ही भीतीनं सांगितलं नाही."

इनामदाराची मान खाली गेली.

न्यायाधीशांनी निवाडा दिला. "बागेचा दावा फेटाळला. गवताबद्दल धुळाईने येत्या हंगामात आपला कळप इनामदाराच्या शेतात बसवावा. लेंडीखताने जमीन सुधारेल आणि भरपाई होईल. कळप धुळाईचाच."

धुळाईने नमस्कार केला. इनामदार तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "बाई, खालच्या शेतात बसवा कळप. तिथं सावली आहे." ती मानेनेच हो म्हणाली.

भर बाजारातून ती आपल्या मेंढरांकडे निघाली. लोक वाट सोडत होते. कुणी कुजबुजत नव्हतं. कैवारी सभेच्या पायरीवर उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. शेजारी कुणीतरी म्हणालं, "जिंकलात की आजही."

"जिंकली ती," कैवारी म्हणाला. "मी तिच्या बाजूचा होतो, एवढंच घरी जाऊन सांगणार आहे."

जो आपली चूक आहे तेवढी कबूल करतो, त्यालाच आपल्यावर आलेला खोटा आळ ताठ मानेने नाकारता येतो.