गुंडूनं कूड लिंपला

आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक गाव होतं आणि त्या गावात गुंडू नावाचा एक भोळा गडी होता. कामाला वाघ. काम अंगावर घेतलं की पुरं करूनच उठायचा. त्याची खोड एवढीच, की सांगितलेलं तो तंतोतंत ऐकायचा.

शेजारच्या वाडीतल्या शेवंताशी त्याचं लग्न ठरलं. शेवंताचा बाप साताप्पा म्हणजे बांबूची घरं बांधणारा कसबी माणूस. तो म्हणाला, "गुंडू, तुझ्या परड्यात एवढं मोठं बांबूचं बेट आहे. बांबू तोड. आधी घर उभं करू, मग मांडव घालू."

गुंडू कोयता घेऊन बेटात शिरला. हाताला मऊ लागेल ते तोडत सुटला. दुपारपर्यंत कोवळ्या कोंबांचा हा एवढा भारा!

साताप्पानं कपाळाला हात लावला. "अरे, याची भाजी होते, घर नाही! कोवळं कधी घेऊ नये. तीन वर्षांचं, चांगलं जून झालेलं बघून घ्यावं."

"बरं मामा," गुंडू म्हणाला. होणाऱ्या सासऱ्याला तो मामा म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आईनं भेंडी आणायला सांगितली. गुंडूनं कोवळी भेंडी बाजूला सारली आणि भाजीवालीला विचारलं, "यात तीन वर्षांची नाही का?" बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग बियाण्याला ठेवलेली लाकडासारखी भेंडी तिनं त्याच्या पिशवीत टाकली. ती चिरताना आईच्या विळीची धार गेली.

साताप्पाच्या कानावर हे गेलं. "भाजी कोवळीच घ्यावी रे! जून घ्यायचा तो बांबू. आणि तोडला की वाहत्या पाण्यात बुडवायचा, वर दगड ठेवायचा, पंधरा दिवस हात लावायचा नाही. त्यातली गोडी पाण्यात निघून जाते. गोडी गेली की किडा लागत नाही."

"बरं मामा."

या खेपेला बांबू खरोखर जून निघाले. गुंडूनं ते ओढ्यात बुडवले आणि खुशीत घरी आला. बघतो तर आई गुळाच्या ढेपेपाशी बसलेली. लग्नातल्या पोळ्यांसाठी आणलेला गूळ!

"गुंडू, मुंग्या लागल्या रे याला. काहीतरी कर."

गुंडूनं ढेप खांद्यावर मारली, ओढ्यात नेऊन बुडवली आणि वर दगड ठेवला.

पंधरा दिवसांनी बांबू बाहेर निघाले. आई म्हणाली, "आणि गूळ?"

"त्यातली गोडी गेली, आई."

"गोडी गेली, पण ढेप कुठाय?"

"तीपण गोडीबरोबर गेली. पण मुंगी म्हणशील तर एक नाही."

आता मात्र साताप्पा भडकला. "मोडलं हे लग्न! असल्या येड्याला पोरगी द्यायची?"

शेवंता दारातून म्हणाली, "बाबा, बायामाणसांचं सोडा, पण सांगितलेलं ऐकणारा दुसरा एक तरी बाप्या या पाच गावांत दाखवा."

आत चुलीपुढं साताप्पाची बायको खुदकन हसली. मग साताप्पानं गुंडूला बोलावून पुढचं सांगितलं. "हे बघ, खांबाचा बुडखा तसाच मातीत पुरू नको, वाळवी लागते. बुडख्याला डांबर फासायचं आणि दगडावर उभा करायचा."

"बरं मामा."

त्याच आठवड्यात आईनं वांग्याची रोपं लावायला दिली. संध्याकाळी आई बघायला परड्यात आली. पन्नास रोपं, पन्नास दगड. प्रत्येक रोप आपल्या दगडावर, मुळाला काळंकुळीत डांबर फासलेलं. "वाळवीची आता चिंता नाही," गुंडू म्हणाला. आई आल्या पावली वळली. सरळ साताप्पाच्या घरी गेली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही लांबून सांगू नका. तुम्हीच या."

साताप्पा आला. त्यानं स्वतः खांब उभे केले, आढं चढवलं, गवतानं छप्पर शाकारलं, चारी बाजूंनी भिंतीच्या जागी बांबूच्या कामट्यांचा कूड विणला. असा विणला, की बैल धडकला तरी हलायचा नाही. शेवटच्या दिवशी राहिलं होतं फक्त शेणामातीनं लिंपणं. ते काम गुंडूला येत होतं.

साताप्पानं भाकरी खाल्ली आणि आत गारव्याला आडवा झाला. "मी जरा पडतो. तोवर तू बाहेरून लिंपून घे. पण एक फट ठेवू नको. वारासुद्धा आत शिरता कामा नये."

"बरं मामा."

गुंडू लिंपत लिंपत पुढच्या अंगाला आला, तर समोर पुरुषभर उंचीची फट! एवढी मोठी फट मामांच्या नजरेतून सुटलीच कशी, याचं त्याला नवल वाटलं. उरलेल्या कामट्या घेऊन त्यानं ती विणून काढली आणि दोन बोटं जाड लिंपली. बाजूची चौकोनी फटही बुजवली.

आत साताप्पाला जाग आली. सगळा अंधार. "गुंडू! रात्र झाली का रे?"

"नाही मामा, ऊन आहे."

"मग दार कुठाय?"

आवाज येतोय, म्हणजे कुठंतरी फट राहिलीय. गुंडूनं कुडाला कान लावला, ती जागा शोधली आणि मातीचा गोळा थापला. साताप्पानं आतून ओल्या मातीत बोट खुपसलं. गुंडूनं तिथंही थापला.

एवढ्यात शेवंता चहाची किटली घेऊन आली. "बाबा कुठायत?"

"आत निजलेत. आता वारासुद्धा शिरायचा नाही."

शेवंतानं घराभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. किटली खाली ठेवली.

तेवढ्यात छपराचं गवत सळसळलं, बाजूला झालं आणि त्यातून साताप्पाचं डोकं वर आलं. डोळे लाल, मिशांत गवत, आणि तोंड उघडं. तो काय ओरडणार होता ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गुंडूनं वर बघितलं आणि जीभ चावली. पटकन शिडी लावली, शेणामातीचा सगळ्यात मोठा गोळा उचलला आणि म्हणाला, "शेवंता, शिडी धर गं. एक फट राहिलीय."