द्वारकाबाईची साय

डोंगरमाथ्यावर स्ट्रॉबेरी पिकवणारं एक गाव होतं. त्या गावात द्वारकाबाई नावाची एक सुगरण राहायची. ती सुगरण आहे हे गावाला ठाऊक होतं, पण गावापेक्षा तिला स्वतःला ते जास्त ठाऊक होतं.

उन्हाळ्यात खालच्या शहरांत अंगाची काहिली व्हायला लागली की माणसं त्या गावात राहायला येत. घरोघरी एखादी खोली पाहुण्यांसाठी झाडूनपुसून ठेवलेली असे. फार पूर्वी तिथे गोऱ्या साहेबांचे बंगले होते. साहेब गेले, बंगले पडले, पण मडमांनी शिकवलेले उन्हाळ्याचे गोड पदार्थ गावातच राहिले. द्वारकाबाईची सासू एका मडमेकडे स्वयंपाकाला होती. तिच्याकडून द्वारकाबाईच्या हाती ट्रायफल आलं. खाली केक, त्यावर जेली, त्यावर कस्टर्ड, त्यावर फेटलेली साय आणि सगळ्यांच्या डोक्यावर निवडून ठेवलेल्या स्ट्रॉबेऱ्या. काचेच्या उंच भांड्यात ते थर असे दिसत की पाहुणे चमचा घालायला कचरत. करायला दोन दिवस जात. द्वारकाबाई म्हणायची, "गोड करायचं तर कंबर मोडली पायजे. त्याबिगर पाव्हण्याला किंमत कळत न्हाई."

हंगाम संपताना गावात एक रीत होती. घरोघरच्या सगळ्या पाहुण्यांना एकाच मांडवात बसवून निरोपाचं जेवण द्यायचं. पाहुणा एका घरचा नसतो, गावाचा असतो, असं तिथली माणसं मानत. तांदूळ एकाकडचे, भाजी दुसऱ्याकडची, सरपण तिसऱ्याकडचं. गोड करायचा मान मात्र एकाच घराला, आणि ते घर वर्षानुवर्षं द्वारकाबाईचं होतं. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून मांडवात फिरायची. कुणी "वा" म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायची, म्हणजे बिचाऱ्याला पुन्हा "वा" म्हणावं लागायचं.

मग समोरच्या घरात सगुणा सून म्हणून आली.

सगुणा हसरी होती आणि जराशी धांदरट. तिच्या घरी पहिल्याच उन्हाळ्यात विलायतेची एक म्हातारी बाई पाहुणी म्हणून उतरली. तिने सगुणेला आपल्या देशातला एक प्रकार दाखवला. अंड्याचं पांढरं साखरेत फेटायचं, त्याचे पांढरे शुभ्र बत्तासे घालायचे आणि मंद भट्टीत वाळवायचे. सगुणेने ते बेकरीच्या निवत्या भट्टीत वाळवले आणि ताटात घालून घरी आणताना उंबऱ्याला ठेचकाळली. सगळ्या बत्ताशांचा चुरा झाला. पोरगी रडवेली झाली. म्हातारी मात्र खो खो हसली आणि म्हणाली, आमच्याकडे मुद्दाम मोडून घालतात. मग दोघींनी स्ट्रॉबेऱ्या चिरल्या, साय फेटली, त्यात चुरा टाकला, कालवलं आणि स्टीलच्या वाट्यांत घालून घरच्यांना दिलं. भाकरी थापायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. गावाने त्या प्रकाराचं नाव ठेवलं 'मोडतोड'.

मोडतोड उन्हाळाभर गाजली. पोरं वाटी पुसून खायची. गल्लीतल्या बाया रेसिपी विचारायला यायच्या आणि सगुणा कुणालाही सांगायची, हातात चुरा देऊन पाठवायची. द्वारकाबाईच्या घरी उतरलेले पाहुणेसुद्धा संध्याकाळी पाय मोकळे करायच्या निमित्ताने समोर जाऊन बसू लागले. द्वारकाबाई खिडकीतून पाहायची. तिच्या ओटीवर ट्रायफल थाटात उभं असे आणि समोरच्या ओट्यावर हसण्याचा कल्लोळ चाललेला असे.

"त्यात करायचं ते काय," ती शेजारणीला म्हणाली. "मोडलं, कालवलं, दिलं. गुरांचं आंबोण पण असंच करत्यात."

पण एकदा सगुणेने पाठवलेली वाटी तिने दार लावून घेऊन चाखली. कुरकुरीत चुरा जिभेवर विरला, आंबटगोड फळ लागलं आणि मागून साय आली. ते वाईट असतं तर द्वारकाबाईचं काही बिघडलं नसतं. पण ते चांगलं होतं. तिने वाटी धुतली, पालथी घातली, आणि त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं त्याला ओव्याचा उपाय नव्हता. सगुणा हसली तरी तिला राग यायचा आणि गप्प बसली तरी यायचा. पोरगी कुठेतरी चुकावी, चारचौघांत तोंडघशी पडावी, एवढं एकच मागणं ती देवापुढे हात जोडताना मनातल्या मनात मागू लागली. देवाने ते ऐकून घेतलं की नाही माहीत नाही. द्वारकाबाईने मात्र ते मनावर घेतलं.

हंगाम संपत आला. सरपंच ज्ञानोबा द्वारकाबाईच्या दारात आला आणि म्हणाला, "अक्का, यंदाचं गोड सगुणा करंल. तुमचं वय झालं, किती दगदग करायची? साय मातर तुमचीच. तुमच्या म्हशीसारखी साय पंचक्रोशीत न्हाई."

वय झालं, हे शब्द तिच्या जिव्हारी लागले. तरी ती तोंडभर हसली. "व्हय की. पोरीबाळींनी शिकायलाच पायजे," ती म्हणाली. ज्ञानोबा वळला आणि तिचं हसू जागच्या जागी मावळलं.

तिच्या घरात सायीची दोन पातेली होती. एकात त्या दिवशीची ताजी, दाट, गोड साय. दुसऱ्यात लोण्यासाठी साठवत आणलेली जुनी साय, जी उन्हाने केव्हाच उतरली होती. आंबट तर होतीच, वर कडवट झाली होती. द्वारकाबाई बराच वेळ दोन्ही पातेल्यांकडे पाहत उभी राहिली. मग तिने जुनी साय मोठ्या भांड्यात ओतली आणि तिच्यावर ताज्या सायीचा जाड थर नीट पसरला. थर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतंच.

दुपारी सगुणा भांडं न्यायला आली. तिने आधी वाकून नमस्कार केला.

"मावशी, तुमची साय मिळणार म्हणून मी व्हय म्हणलं," ती म्हणाली. "न्हाईतर माझ्यात कुठलं आलंय एवढं धाडस."

थांब, हे भांडं नको, दुसरं देते, एवढं द्वारकाबाईला म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. तेवढ्यात बाहेरून तिच्याच घरच्या पाहुण्यांची पोरगी ओरडत गेली, "आज मोडतोड आहे, मोडतोड!" द्वारकाबाईने ओठ मिटले आणि भांडं सगुणेच्या हातात दिलं.

मोडतोड आधी कालवून ठेवता येत नाही. चुरा ओला होतो आणि त्याचा लगदा बनतो. म्हणून पाहुणे पानावर बसल्यावरच सगुणेने मांडवामागे साय फेटायला घेतली. फेटताना तिला जरासा वास आला. पण मावशीच्या सायीला नाक लावून बघायचं म्हणजे मावशीचा अपमान. शिवाय पाहुण्यांच्या आधी जिभेला लावायचं नाही, ही तिथल्या बायांची रीत. तिने फळं घातली, चुरा घातला, भराभर कालवलं. परातीत अजून निम्मी फळं आणि निम्मा चुरा उरला होता, दुसऱ्या वाढपासाठी.

द्वारकाबाई पुढच्याच पंगतीत बसली होती. सगुणेचं तोंड नीट दिसेल अशी जागा तिने धरली होती. वाट्या वाढून झाल्या. द्वारकाबाईच्या छातीत धडधडत होतं आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत आनंद होता.

ज्ञानोबा म्हणाला, "सगुणे, पाव्हण्यांना दोन शब्द सांग."

सगुणा पदर सावरत पुढे आली. "हे गोड माझं म्हणू नका," ती म्हणाली. "फळं सगळ्यांच्या वावरातली हायत. मी निस्तं मोडलं आन् कालवलं. चव हाय ती सायीची, आन् साय हाय द्वारकामावशीची. त्या बघा, तितं बसल्यात."

सगळा मांडव वळून द्वारकाबाईकडे पाहू लागला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. हे असं होईल हे द्वारकाबाईच्या स्वप्नातही आलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत तिने स्वतः कधी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. अंडी कुणाची, फळं कुणाची, रात्र रात्र कस्टर्ड ढवळणारी नणंद कोण, हे मांडवाला तिने कधी कळू दिलं नव्हतं. आपण जे करत नाही ते दुसरा करील, हे मत्सरी माणसाला सुचत नाही.

टाळ्या थांबल्या आणि लोकांनी तिच्याकडे पाहत पाहतच चमचे तोंडात घातले.

चमचे वाटीत परतले. एक पोर म्हणालं, "आई, हे कडू आहे." आईने त्याला गप्प केलं, पण स्वतःची वाटी तिनेही बाजूला सारली.

सगुणेने एक चमचा तोंडात घातला. तिचा चेहरा उतरला. तिने द्वारकाबाईकडे पाहिलं. द्वारकाबाईने खाली पाहिलं. पोरीला सगळं कळलं, आणि कळलंय हे द्वारकाबाईलाही कळलं.

"माझ्याकडनंच चुकलं," सगुणा मोठ्याने म्हणाली. "भांडं उन्हात ऱ्हायलं माझ्या हातनं. माफ करा. जरा दम काढा, सायीबिगरची देते." तिने वाट्या गोळा केल्या आणि उरलेल्या फळांवर चुरा भुरभुरून दुसऱ्या वाट्या वाढायला घेतल्या. गावातल्या दोन-तीन बाया कुजबुजू लागल्या की मान पेलवला नाही पोरीला, द्वारकाबाईची सर कुणाला येणार.

द्वारकाबाईच्या शेजारी शहरातले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते तिच्याकडे झुकून म्हणाले, "तुमची साय उत्तमच असणार, बाई. त्या पोरीने वाया घालवली. पुढच्या वर्षी गोड तुम्हीच करा."

अख्खा उन्हाळा जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते हेच. पोरगी तोंडघशी पडली होती. मान परत दारात चालून आला होता. फक्त हात पुढे करायचा होता. द्वारकाबाईने ते शब्द घोळवून पाहिले आणि तिला त्यांची चव लागेना. समोर ती पोरगी डोळे पुसायलाही न थांबता वाढत होती, आणि तिचं जे नाव द्वारकाबाईने मातीत घालायला घेतलं होतं, तेच पुढे करून तिने द्वारकाबाईचं नाव वाचवलं होतं.

द्वारकाबाई उठून उभी राहिली.

"पोरीनं न्हाई नासवली," ती म्हणाली. मग सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ती पुढे म्हणाली, "साय जुनी व्हती. वर ताजी घालून मी झाकली. मला ठावं व्हतं."

"का पण, अक्का?" ज्ञानोबाने विचारलं.

"तिचं गोड माझ्यापरीस चांगलं हाय म्हणून."

म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली वाटी किंचित पलीकडे सरकवली. इतक्या वर्षांत त्या मांडवात द्वारकाबाईकडे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली. बसावं की जावं, हे तिला सुधरेना.

सगुणा वाढत वाढत तिच्यापाशी आली. तिने एक वाटी तिच्या पुढ्यात ठेवली, फळं आणि चुरा, साय नाही.

"बसा, मावशी. खाऊन घ्या," ती म्हणाली. मग पुढच्या पानाकडे वळताना म्हणाली, "फुडच्या साली साय तुमच्याच म्हशीची घीन मी. पण काढायला मी सोता येईन."

कुणीतरी हसलं. द्वारकाबाईला हसू आलं नाही. तिने खाली बसून वाटी उचलली आणि मान वर न करता ती सगळी संपवली. वाटीत सायीचा थेंब नव्हता, तरी गोड छान झालं होतं, आणि या वेळी ते दार लावून खावं लागलं नाही.

तात्पर्य: मत्सर दुसऱ्याचं नाव घालवायला घरातून निघतो आणि स्वतःचं नाव घालवून परत येतो.