पाच न सोललेले खांब

एका गावात एक सुतार होता. हात असा, की त्याने बसवलेल्या दाराच्या फटीतून मुंगीलाही वाट मिळत नसे. हे त्याला ठाऊक होतं, आणि गावाला तो ते विसरू देत नसे.

वय उताराला लागल्यावर त्याने ओढ्याच्या काठावर घर बांधलं. जागा सुरेख, पण परसदारी दहा पावलांवर उभा कडा आणि खाली खोल ओढा. पौषात रांगणारी नात भिंत धरून उभी राहू लागली, तशी सुताराची झोप उडाली. कड्याला कुंपण हवं, आणि पोरीचं पहिलं पाऊल पडायच्या आत हवं.

थंडी अशी, की पहार धरली की बोटं बधिर व्हायची. तरी तो उजाडताच खड्डे खणायला लागे. ऐनाचे खांब त्याने सोलले, त्यांना रंधा मारला, बुडाला डांबर लावलं, आडव्या पट्ट्या खाचांत बसवल्या. कुंपण कसलं, देव्हाराच म्हणा ना. पण कोपऱ्याशी येता येता पाच खांब कमी पडले.

शेजारी एक म्हातारी राहायची. तिच्या अंगणात मोईचं झाड होतं, हिवाळ्यात पानं गाळून उघडंबोडकं उभं राहणारं. त्याच्या मनगटाएवढ्या पाच फांद्या तोडून ती घेऊन आली.

"घे. पण साल काढू नको," म्हातारी म्हणाली.

सुताराला हसू आलं. "मावशी, सालीखाली कीड धरते. हे मला शिकवतेस?"

"मेलेल्या लाकडाला धरते. हे झोपलंय."

"वाळक्या काठ्या त्या, आणि झोपल्यात म्हणे."

"तुझं काम तुला माहीत, बाबा. माझं एवढं ऐक. बुडखा खाली, शेंडा वर, आणि रंधा लावू नको. पाचच तर आहेत."

सुताराने रंधा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. असल्या वेड्यावाकड्या काठ्यांनी त्याच्या कुंपणाची सगळी शोभा जाणार होती. लोक नावं ठेवतील ती वेगळीच. पण ऐंशी वर्षांची बाई कुडकुडत ओझं घेऊन आली होती, तिचा शब्द मोडवेना. शेवटी नाक मुरडत का होईना, त्याने त्या सालीसकट पुरल्या.

म्हातारी रोज सकाळी येऊन त्या काठ्यांना पाणी घाली. "मावशी, उद्या माझ्या उंबऱ्याला दूध पाजशील," सुतार चिडवी. तीही हसे आणि पाणी ओतत राही.

चैत्रात एका सकाळी त्यांतल्या एका काठीवर लालसर कोंब दिसला. सुताराने त्याला हलकेच बोट लावलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. जन्मभर लाकूड हाताळलं होतं, पण ते मेल्यानंतरच. जिवंत लाकूड असं हाताखाली फुटताना त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मग पावसाळा आला. श्रावणात आठ दिवस धार तुटली नाही. नवव्या दिवशी जरा उघडीप मिळाली, तशी नात परसात आली आणि रोजच्यासारखी कुंपणाची पट्टी धरून दुडुदुडु कोपऱ्यापर्यंत गेली. सुतार पडवीतून कौतुकाने बघत होता. तेवढ्यात पायाखालची जमीन हादरली, आणि धस्सकन कडा खचला. ऐनाचं ते देखणं कुंपण अख्खंच्या अख्खं ओढ्यात गेलं. एकही सांधा निखळला नाही.

सुतार धावला. कोपरा तेवढा जागेवर होता, आणि मोईचं हिरवं खोड दोन्ही हातांनी कवटाळून पोर तिथे उभी होती. तो चिखलात पालथा पडला, सरपटत पुढे गेला आणि तिला झग्याला धरून ओढून घेतलं.

तिला पोटाशी धरून त्याने वळून पाहिलं. तुटलेल्या कड्यातून मुळं बाहेर दिसत होती. एकमेकींत गुंतलेली शेकडो मुळं दगडमाती मुठीत धरून बसली होती. पौषातल्या त्या पाच काठ्यांची. सुताराने डोक्यावरची टोपी काढली आणि कपाळ चिखलाला टेकवलं. त्याचे डोळे वाहू लागले.

म्हातारी धापा टाकत आली. तो म्हणाला, "मावशी, माझ्या कामात काही कमी नव्हतं गं."

"नव्हतंच. पण तुझ्या खांबांना मातीनं धरलं होतं, बाबा. यांनी मातीला धरलं."

पुढच्या पौषात सुतार कोयता घेऊन तिच्या अंगणात गेला. आधी झाडाला हात जोडले, मग फांद्या मागितल्या. नवं कुंपण वेडंवाकडं झालं. येणारेजाणारे विचारत, "काका, रंधा हरवला का?"

"नाही," तो म्हणे, "घरी ठेवलाय."

तात्पर्य: हातात कला असणं मोठंच, पण जिथे जीव आपलं काम करत असतो, तिथे हात आवरता येणं त्याहून मोठं.